मगरीला काय वाटतं? चलाख प्राण्यांच्या लोककथा, तिसरी-चौथीचा वर्ग : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर : निवड

आठ आठवडे, आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांची. पहिली ऐकण्या-बोलण्याची, दुसरी करून बघण्याची किंवा लिहिण्याची. दोन्ही लागोपाठ ठेवायच्या नाहीत, मधे किमान एक रात्र जाऊ द्यायची. मुलं गोष्ट घरी कुणाला तरी सांगतात. सांगताना जो दुवा निसटतो तोच दुसऱ्या तासिकेला कामाला येतो.

गोष्ट निवडायची कसोटी एकच : फसणाऱ्याने चुकीचा निष्कर्ष स्वतःच काढला पाहिजे. नुसती पळापळ, मारामारी किंवा जादू असेल तर गोष्ट बाद. या कसोटीला ससा-कासवाची नेहमीची शर्यत उतरत नाही. तिथे डाव नाहीच, ससा झोपतो एवढंच. पण त्याच शर्यतीचं दुसरं रूप आफ्रिकेत आणि अमेरिकेत सांगतात. त्यात कासव हुबेहूब आपल्यासारखे दिसणारे नातेवाईक वाटेवर जागोजागी बसवतं आणि ससा धावून धावून बेजार होतो. हे रूप घेतलं.

बाकीच्या गोष्टी : पंचतंत्रातले सिंह आणि ससा, माकड आणि मगर, निळा कोल्हा, मलय-इंडोनेशियाकडचा कान्चिल आणि मगरी, जपानचा इनाबाचा ससा, घानातल्या अकान लोकांचा कोळी अनान्सी, अमेरिकेच्या दक्षिणेतला काटेरी झुडपातला ससा. आठ झाल्या, यापेक्षा जास्त नकोत. कमी गोष्टी पुन्हा पुन्हा उलगडल्या की डावाची जात ओळखू येते. पंधरा गोष्टी झाल्या की फक्त प्राण्यांची नावं लक्षात राहतात.

६ नोव्हेंबर : सामान

सहा गट धरून : पिवळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या (८ × १२ सेंमी), गटाला प्रत्येकी ६, म्हणजे ३६ पिवळ्या, ३६ पांढऱ्या, वर दहा-दहा जास्तीच्या. चार मीटर सुतळी, २० चिमटे. जाड कागदाच्या पाच पट्ट्या, त्यांवर मोठ्या अक्षरात : हवंय काय, अडतंय कुठे, गळ, समज, सुटका. डावाचं हाडकाम या पाचांत बसतं. ‘गळ’ म्हणजे फसणाऱ्याला दाखवलेली लालूच किंवा भीती. हा शब्द मुलांना लगेच पटतो, कारण गळाला आमिष लावावंच लागतं.

मुखवटे करायचे नाहीत. मुखवट्यात आवाज घुसमटतो, रबर तुटतं आणि अर्धी तासिका रंगवण्यात जाते. त्याऐवजी कपाळपट्टी : ५ × ६० सेंमीची जाड कागदाची पट्टी, पुढे प्राण्याचे दोन कान. या वयाच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण ५२-५३ सेंमी असतो, त्यामुळे चिकटवायला सात-आठ सेंमी उरतात. पिनचं टोक बाहेरच्या बाजूला वळवायचं, नाहीतर केसात अडकतं.

१० नोव्हेंबर : सिंह आणि ससा

गोष्ट सर्वांना माहीत असते, म्हणून हीच पहिली. सांगताना तीन थांबे घेतले. ससा उशिरा पोचतो, तिथे पहिला. ‘वाटेत दुसरा सिंह भेटला’ म्हणतो, तिथे दुसरा. विहिरीच्या काठावर तिसरा. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न : या क्षणी सिंहाला काय वाटतंय?

‘ससा उशिरा का आला?’ यावर ठरलेलं उत्तर येतं : घाबरला म्हणून, हळू चालतो म्हणून. उशीर हा डावाचाच भाग आहे हे फार थोड्यांना दिसतं. भुकेला सिंह आधीच चिडलेला असला की विचार करायला थांबत नाही. ‘ससा वेळेवर पोचला असता तर?’ असं उलटून विचारलं की वाट सापडते.

दुसऱ्या तासिकेला विहिरीचा प्रयोग. पांढऱ्या बादलीत पाणी घेतलं तर चेहरा दिसत नाही, तळाच्या उजेडात प्रतिबिंब हरवतं. तळाशी काळा कागद (वर दगड) किंवा मुळातच काळी बादली हवी, आणि अगदी वरून वाकायला हवं. तरी छत आणि दिवाच जास्त दिसतो. ट्यूब बंद करा. डरकाळी घुमण्यासाठी रिकामा मोठा डबा पुरतो. मुलांना इथे एक गोष्ट लख्ख कळते : सशाने खोटं एकदाच बोललं, पुढचा सगळा पुरावा सिंहाने स्वतःच तयार केला. स्वतःचाच चेहरा आणि स्वतःचीच डरकाळी.

१३ नोव्हेंबर : चिठ्ठ्या

माकड आणि मगर. पांढऱ्या चिठ्ठीवर ‘खरं काय’, पिवळीवर ‘मगरीला काय वाटतं’. गोष्टीच्या सहा ठिकाणी थांबून दोन्ही भरायच्या आणि सुतळीवर वर-खाली टांगायच्या. दोन्हींवर सारखंच लिहिलं असेल तिथे डाव सुरू झालेला नाही. जिथे पहिल्यांदा फरक पडतो तिथे लाल खूण. मजा अशी की पहिली लाल खूण माकडाची नसते. ‘जेवायला चल’ म्हणून मगर माकडाला पाठीवर घेते, तो पहिला डाव मगरीचा. तिथे फसतं माकड आणि पिवळी चिठ्ठी त्याच्या नावाची हवी. बरेच गट हे चुकवतात, कारण माकड हुशार हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

नेहमीची चूक : मुलं स्वतःला माहीत असलेलं मगरीच्या चिठ्ठीवर लिहितात. ‘काळीज झाडावर नसतं’ हे मगरीच्या चिठ्ठीवर आलं की गोष्ट कोसळली. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीचा समज असू शकतो हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी कळू लागतं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी कपाटातल्या चॉकलेटच्या खेळातून हे दाखवलं. म्हणजे तिसरीतल्या मुलाला हे कळत नाही असं नव्हे. लिहिता लिहिता दोन समज वेगळे धरून ठेवणं त्याला जड जातं. उपाय सोपा आहे. मगर झालेल्या मुलाला खरंच वर्गाबाहेर उभं करायचं, आत माकडाचा बेत ठरवायचा, मग मगरीला बोलवायचं आणि पिवळ्या चिठ्ठ्या तिनेच सांगायच्या. बाहेरचं मूल दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, दाराला कान लावतं. बेत आधीच कागदावर तयार ठेवा.

जाता जाता नकाशा : हाच डाव कोरियात ससा आणि कासवाच्या गोष्टीत आहे, तिथे काळजाऐवजी यकृत. जपानमध्येही यकृतच, पण माकडाचं, आणि चूक होते जेलीफिशकडून. तिला हाडं का नाहीत, ते या गोष्टीतून सांगतात. अवयव बदलतो. ‘ते मी घरी ठेवून आलो’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहतं.

२० नोव्हेंबर : मगरींची रांग

कान्चिल म्हणजे पिटुकलं खुरी जनावर. आपल्याकडची पिसोरी त्याच्याच कुळातली, म्हणून ‘पिसोरीसारखा’ सांगितलं की चित्र उभं राहतं. ‘हरणाचं पिल्लू’ सांगू नये, त्याला शिंगं फुटण्याची मुलं वाट बघत बसतात. त्याला नदीपलीकडची फळं हवी आहेत. मगरींना तो सांगतो, राजाची आज्ञा आहे, तुमची मोजणी करायची आहे, रांगेत या. मग एकेकीच्या पाठीवरून मोजत मोजत पलीकडे. तिथे पोचल्यावर हसतो.

हा डाव जमिनीवर खेळता येतो. नदी म्हणजे खडूच्या दोन रेघा, ५ मीटर अंतराने. मगरी ४० सेंमीच्या, दोन मगरींत १० सेंमी फट. किती लागतील? मुलं ५०० ला ४० ने भागतात आणि साडेबारावर अडकतात. फटी विसरलेल्या असतात. ११ मगरी (४४०) आणि त्यांतल्या १० फटी (१००) धरल्या तर ५४०, म्हणजे नदीबाहेर. १० मगरींचे ४०० आणि ९ फटींचे ९० मिळून ४९०. दहा पुरतात, दोन्ही काठांशी पाच-पाच सेंमी उरतात. ‘फटी मगरींपेक्षा एकाने कमी’ हे इथे पायाखाली कळतं.

मगरी कागदाच्या करून फरशीवर ठेवल्या की उडी मारताना सटकतात आणि मूल पडतं. खडूनेच काढायच्या, एका वेळी एकच कान्चिल, अनवाणी.

२४ नोव्हेंबर : तोच डाव, वेगळा शेवट

आजची तासिका या सगळ्या प्रकल्पातली सर्वांत भरीव, म्हणून तिला जास्त वेळ द्यावा. इनाबाचा ससा ७१२ सालच्या कोजिकी या जपानी ग्रंथात आहे. तोही ओकी बेटावरून पलीकडे जायला समुद्रातल्या वानींना रांगेत लावतो (वानी म्हणजे शार्क की मगर, यावर अभ्यासकांत वाद आहे, वर्गात ‘वानी’च म्हणावं). सांगतो, तुमचं कूळ मोठं की माझं ते मोजू. मोजत येतो आणि शेवटच्या वानीवर पाय असतानाच म्हणतो, फसवलं तुम्हाला. ती त्याची कातडी सोलते.

दोन्ही गोष्टींच्या चिठ्ठ्या समोरासमोर टांगल्या. हवंय काय : सारखं. गळ : एकीकडे राजाज्ञा, दुसरीकडे कुळाचा मोठेपणा. समज : सारखा. बढाई दोन्हींत आहे. फरक फक्त एका पावलाचा, कान्चिल काठावर पोचून बोलतो, ससा एक पाठ आधी.

मुलांना विचारलं की ‘सशाचं काय चुकलं?’ तर पहिलं उत्तर ‘खोटं बोलला’. मग कान्चिलही खोटं बोलला, त्याला का काही झालं नाही? इथे दोन-तीन मिनिटं शांतता पडू द्यावी, घाई करून उत्तर पुरवू नये. मग कुणीतरी खडूच्या मगरीवर जाऊन उभं राहतं आणि पाय कुठे आहे ते दाखवतं.

पुढचा भागही सांगावा. जखमी सशाला ओकुनिनुशी या देवाचे थोरले भाऊ मुद्दाम खाऱ्या पाण्यात बुडायला सांगतात, धाकटा ओकुनिनुशी गोड्या पाण्याने धुवून पाणकणसाच्या परागात लोळायला सांगतो. म्हणजे फसवणारा इथे स्वतःही फसवला जातो. या भागासाठी पिवळी चिठ्ठी सशाच्या नावाची.

२७ नोव्हेंबर : शब्दांची दोरी

फसवणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे आणि वर्गात सगळ्याला एकच शब्द चालतो : हुशार. कार्डांवर दहा शब्द : हुशार, चतुर, चलाख, बेरकी, बनेल, इरसाल, धूर्त, लबाड, कावेबाज, कपटी. सुतळीच्या एका टोकाला ‘शाबासकी’, दुसऱ्याला ‘शिवी’. गटाने चिमट्यांनी क्रम लावायचा आणि शेजारच्या दोन शब्दांत फरक दाखवणारं एक-एक वाक्य द्यायचं.

टोकांवर वाद होत नाही. ‘इरसाल’ आणि ‘लबाड’ मात्र घसरत राहतात. घरात लाडाने ‘लबाडा’ म्हणतात, म्हणून काही मुलं तो शब्द शाबासकीच्या बाजूला लावतात, आणि ते चूक नाही. कोण कुणाला म्हणतं तेही कार्डामागे लिहायला लावायचं. ‘बेरकी’ आणि ‘बनेल’ बहुतेकांना वाक्यात वापरता येत नाहीत. ते आधी शिक्षकाने दोनदा वापरून दाखवावेत, कोशातला अर्थ वाचून काही हाती लागत नाही.

मग म्हणी. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’, ‘शेरास सव्वाशेर’ आणि ‘चोरावर मोर’ या तीन म्हणींखाली आतापर्यंतच्या गोष्टी वाटायच्या. माकड आणि मगर कुठे जाते त्यावर भांडण ठरलेलं.

१ डिसेंबर : डाव वर्गात उतरतो

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलं एकमेकांवर डाव टाकायला लागतात. ‘बाई तुला बोलवतायत’ म्हणून जागा पटकावणं, पेन्सिल लपवून ‘घरी ठेवून आलास’ म्हणणं. बंदी घालून उपयोग नाही, त्याने चव वाढते. याच गोष्टींतला एक प्रश्न विचारावा : या डावात मोठं कोण होतं? सिंहापुढे ससा, मगरीपुढे माकड, मगरींपुढे कान्चिल. दर वेळी लहानाने मोठ्याला चकवलंय. चौथीतल्याने पहिलीतल्याला फसवलं तर या गोष्टीत तो सिंह ठरतो. हे मुलांना बोचतं. उपदेश करावा लागत नाही.

४ डिसेंबर : काटेरी झुडूप

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी लोकांनी सांगितलेला ससा. कोल्ह्याच्या हाती सापडतो आणि विनवतो, जाळ, बुडव, काहीही कर, पण त्या काटेरी झुडपात टाकू नकोस. कोल्हा तिथेच टाकतो. ससा तर काट्यांतच वाढलेला. कोण सांगत होतं आणि त्यांचा सिंह कोण होता, हे दोन वाक्यांत सांगावं. तिसरीच्या मुलांना ते पेलतं.

ही गोष्ट आधीच्या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. इथे ‘कोल्ह्याला काय वाटतं’ एवढं पुरत नाही. सशाला काय नको आहे, याबद्दल कोल्ह्याला काय वाटावं असं सशाला वाटतं, अशी समजाआत समज आहे. म्हणून तिसरी चिठ्ठी लागते, निळी. दोन रंगांवर भागवायला गेलं की ‘सशाला काटे आवडतात’ आणि ‘सशाला काटे नको आहेत’ एकाच चिठ्ठीवर येतात आणि गट भांडत बसतो. पहिली-दुसरीला ही गोष्ट द्यायची असेल तर कासवाचं रूप घ्यावं : ‘काहीही करा, पाण्यात टाकू नका.’ कासव पाण्यात पोहतं हे आधीच माहीत असतं, त्यामुळे एक पायरी वाचते.

८ डिसेंबर : कोल्हा, खोकड, कायोटी

निळ्या कोल्ह्याच्या चित्रात लाल अंगाचं, पांढऱ्या शेपटीटोकाचं जनावर निघालं. ते खोकडाच्या जातीचं. पंचतंत्रातला चंडरव म्हणजे आपला कोल्हा, कोल्हेकुई करणारा. हे चित्र चाललं तर शेवटच बिघडतो. तो निळीच्या पिंपात पडून राजा होतो आणि इतरांची कुई ऐकून न राहवून स्वतः ओरडतो, म्हणून पकडला जातो. चित्र बदललं.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी नवाहो लोकांच्या कायोटीची एक गोष्ट जोडण्याचा विचार होता. तोही कोल्ह्याच्याच कुळातला. पण नवाहोंमध्ये कायोटीच्या गोष्टी फक्त थंडीत सांगतात, वसंतातल्या पहिल्या गडगडाटानंतर नाही. डिसेंबर आहे म्हणून घ्यायला हरकत नव्हती, तरी त्यांच्यापैकी कुणी स्वतः छापलेलं किंवा सांगितलेलं रूप हाती नसताना नाट्यीकरण नको असं ठरवलं. गोष्टीचा हा नियम मात्र वर्गात सांगितला. मुलांना गोष्टीपेक्षा नियमच जास्त आवडतो. आणखी एक पथ्य : ‘आफ्रिकेची गोष्ट’, ‘इंडियन लोकांची गोष्ट’ असं न म्हणता दर वेळी लोकांचं नाव फळ्यावर लिहायचं. अकान, नवाहो.

११ डिसेंबर : शहाणपणाचं मडकं

अनान्सी जगातलं सगळं शहाणपण मडक्यात भरतो आणि झाडावर लपवायला निघतो. मडकं पोटावर बांधलेलं, त्यामुळे चढता येत नाही. खाली उभा मुलगा म्हणतो, पाठीवर बांधा ना. चिडून मडकं सुटतं, शहाणपण सगळीकडे पसरतं.

करून बघायला चढण्याची गरज नाही. दप्तर पोटावर घेऊन व्हरांड्यातल्या खांबाला मिठी मारायची, मग तेच दप्तर पाठीवर घेऊन. पहिल्या वेळी हातांची बोटं एकमेकांना लागत नाहीत. खांब फार जाड असेल तर दोन्ही वेळा लागत नाहीत आणि प्रयोग वाया जातो, आधी मोठ्या मुलाने मोजून बघावं. इथे फसवणारा आणि फसणारा एकच आहे, म्हणून पिवळी-पांढरी दोन्ही अनान्सीच्या नावाची.

१५ डिसेंबर : तात्पर्य झाकलं

पाठाच्या शेवटची ‘तात्पर्य’ ही ओळ कागदाच्या घडीखाली झाकून गोष्टी दिल्या. ती ओळ दिसली की मुलं वरचं वाचत नाहीत, उत्तर मिळालेलं असतं. शिवाय सिंह-सशाची गोष्ट पंचतंत्रात दमनक नावाचा कोल्हा आपल्या सोबत्याला, करटकाला सांगतो. बुद्धी असेल त्याचं बळ, हे सांगून तो पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडायला निघतो आणि शेवटी बैल मरतो. आपण जे तात्पर्य मुलांना पाठ करायला देतो ते मुळात एका कारस्थान्याच्या तोंडी आहे. चौथीला हे सांगावं आणि विचारावं : दमनकाला ही गोष्ट आत्ताच का आठवली? वर्षभरातला सर्वांत चांगला प्रश्न हाच ठरू शकतो.

१८ आणि २२ डिसेंबर : स्वतःचा डाव

लिहायचं १० ते १२ वाक्यांत. अटी तीन : कुणी कुणाला हात लावायचा नाही, जादू आणि मोबाइल नाही, फसणाऱ्याला एकच जबर हाव किंवा भीती. पहिल्या मसुद्यात तिसऱ्या वाक्यापर्यंत ‘मग त्याने त्याला जोरात मारलं’ येतंच. पहिली अट पुन्हा वाचून दाखवायची, खोडून द्यायचं नाही.

लिहिण्याआधी पाच पट्ट्या तोंडी भरून घेतल्या की मसुदा सरळ येतो. सगळ्यात कच्ची पट्टी ‘गळ’. ‘कोल्ह्याने वाघाला सांगितलं तिकडे जा, वाघ गेला.’ का गेला? वाघाला काय मिळणार होतं? शेजारच्या मुलाने फसणारा प्राणी व्हायचं आणि प्रत्येक वाक्यावर ‘मी का ऐकू?’ विचारायचं. दोन फेऱ्यांत गळ सापडतो. शिक्षकाने विचारलं तर इतका सापडत नाही, मुलं शिक्षकाला आवडेल ते उत्तर शोधतात.

२९ डिसेंबर : तपासणी

तोंडी, तीन मिनिटांत गोष्ट सांगणं आणि चार प्रश्न, प्रत्येकी ० ते २ गुण : कुणाला काय हवं होतं, फसणाऱ्याला काय वाटलं, ते त्याने का मानलं, डाव कुठे मोडू शकला असता. गोष्ट नवी द्यायची. कासवाच्या नातेवाइकांची शर्यत यासाठीच राखून ठेवली होती. चौथ्या प्रश्नावर चांगलं उत्तर म्हणजे : सशाने मागे वळून पाहिलं असतं तर.

पुढच्या फेरीत बदल : निळ्या चिठ्ठ्या आधीपासून कापून ठेवायच्या, १८ पुरतील. शब्दांच्या दोरीला अर्धी तासिका जास्त. विहिरीची बादली काळीच आणायची.